वरचा रुपया

"गंगी येणार नसेल, तर मला ओवाळून घ्यायचं नाही," तुंगाबाई म्हणाल्या आणि इडलीचा उरलेला तुकडा चटणीला लावून शांतपणे खाऊ लागल्या. जणू त्यांनी नुसतं पाणी मागितलं होतं.

महानंदाच्या हातात यादी होती. आईच्या सहस्रचंद्रदर्शनाची. हजार पौर्णिमा पाहिलेल्या माणसाला ओवाळायचं, असा तो सोहळा. महानंदाने त्याचा हिशेबही स्वतः करून पाहिला होता. एका पौर्णिमेपासून दुसरीपर्यंत साडेएकोणतीस दिवस आणि वर थोडा वेळ. त्याचे हजार म्हणजे ऐंशी वर्षं आणि दहा महिने. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात आईचे ते दिवस भरत होते. म्हणून सात तारखेचा रविवार धरून मारतहळ्ळीतल्या त्यांच्याच इमारतीचा हॉल सांगून झाला होता, भटजी ठरले होते, ऐंशी पानांच्या स्वयंपाकाची आगाऊ रक्कमही गेली होती. आणि आता हे.

"ही गंगी कोण?" महानंदाच्या नवऱ्याने, नागनाथने विचारलं.

"गंगव्वा. आमच्या कॉटनपेटेच्या वठारातली," महानंदा म्हणाली. "शेजारच्या खोलीत राहायची. मी सव्वीस वर्षं झाली तिला पाहून."

"अत्ते, सव्वीस वर्षं आली नाही ती बाई आता कशी येईल?" नागनाथ सासूला म्हणाला. "त्यापेक्षा तुम्ही एखादी नवी मैत्रीण करा. खालच्या मजल्यावर त्या पंजाबी आजी आहेत, चांगल्या आहेत."

"तू इडली खा," तुंगाबाई म्हणाल्या.

ते वठार महानंदाला चांगलं आठवत होतं. मधे फरशीचा चौक, भोवती सात खोल्या, सात बिऱ्हाडं आणि एक नळ. तीन नंबरच्या खोलीत महानंदाचं बिऱ्हाड, चार नंबरमध्ये गंगव्वा. गंगव्वा निपाणीकडची. नवरा गिरणीत, आणि ती दिवसभर दारात पाट घेऊन उदबत्त्या वळायची. तिच्या हाताला नेहमी कोळशाचा आणि चंदनाचा वास असे. ती एकाएकी यायची बंद का झाली हे महानंदाने पूर्वी एकदोनदा विचारलं होतं. आईने दर वेळी विषय बदलला होता. या वेळी बदलला नाही. तुंगाबाई उठल्या, आतल्या कपाटातून लाल कापडी बांधणीची लांबट वही घेऊन आल्या आणि टेबलावर महानंदापुढे ठेवली.

वहीवर महानंदाच्या वडिलांच्या, श्रीधररावांच्या, वळणदार अक्षरात एकच शब्द होता: मुय्यी.

शब्द कानडी. कॉटनपेटेतली मराठी घरं 'आहेर' हा शब्द लग्नपत्रिकेवर छापण्यापुरता वापरत. बोलताना म्हणत मुय्यी. आपल्या घरच्या कार्यात कुणी काय घातलं ते लिहून ठेवायचं, आणि त्यांच्या घरी कार्य निघालं की तेवढं फेडायचं, वर एक रुपया घालून. श्रीधरराव पतपेढीत हिशेबनीस होते. त्यांच्या वहीत एकही खाडाखोड नव्हती. डाव्या पानावर आलेलं, उजव्या पानावर गेलेलं. पाच आले, सहा गेले. अकरा आले, बारा गेले. ज्याचं फिटलं त्यावर पट्टीने मारलेली तांबडी रेघ.

तुंगाबाईंनी बोट ठेवलं.

डावीकडे: दि. १७-६-७३, चि. महानंदाचे बारसे. गंगव्वा, खोली ४. एकवीस रुपये.

उजवीकडे: दि. ९-५-९९, गंगव्वाची कन्या शिवलीला हिचे लग्न. बावीस रुपये. आणि तांबडी रेघ.

महानंदाने ते दोनदा वाचलं. मग सबंध डावं पान वाचलं. बारशाला बाकीच्यांनी दोन दिले होते, पाच दिले होते. घरमालकाने अकरा. एकवीस फक्त गंगव्वाचे.

"पाकीट तुझ्या बाबांनी भरलं होतं," तुंगाबाई म्हणाल्या. "मी उघडूनही पाहिलं नाही. त्यांच्याकडे आहेर माईकवर वाचून दाखवतात, तुला माहीत आहे. लग्नाचं ते छत्र, सगळा हॉल भरलेला. पाचशे एक, दोनशे एक, असं चाललेलं. आणि मग, तुंगाबाई श्रीधरराव, कॉटनपेट, बावीस रुपये."

"हसलं कुणी?"

"हसले असते तर बरं झालं असतं. तो वाचणारा थांबला. त्याला वाटलं, एखादं शून्य राहिलं. म्हणून त्याने पुन्हा वाचलं."

नागनाथने चहाचा पेला खाली ठेवला.

"मी उठले आणि घरी आले," तुंगाबाई म्हणाल्या. "तिने एवढ्या लोकांत माझ्यामुळे खाली मान घातली. त्यानंतर ती कधी आली नाही. कशाला येईल? पुढच्याच वर्षी लेकीजवळ होसकोट्याला राहायला गेली."

"बाबांना काही बोलली नाहीस?"

"बोलले की. ते म्हणाले, एकवीस आले, बावीस गेले. यात चूक दाखव." तुंगाबाईंनी वही मिटली. "मला दाखवता आली नाही. तू एवढी शिकलीस. तुला येत असेल तर तू दाखव."

*

महानंदा बोम्मसंद्र्याला पाण्याचे पंप बनवणाऱ्या एका कंपनीत हिशेब विभागाची प्रमुख होती. मुळात ती भौतिकशास्त्राची पदवीधर. हिशेबाकडे नंतर वळली. त्यामुळे तिला आकड्यापेक्षा आकडा कशाने मोजला आहे याची काळजी जास्त वाटे. कंपनीचा एक छोटा कारखाना तुर्कस्तानात होता आणि तिथल्या भाववाढीने गेली काही वर्षं सगळ्यांची झोप उडवली होती. तिकडचे हिशेब जसेच्या तसे इकडच्या हिशेबात मिळवता येत नसत. आधी ते आजच्या लिरात आणावे लागत. दर तिमाहीला महानंदा तेच करत बसे.

पुण्याहून नव्याने आलेली श्वेता त्या दिवशी तिच्या शेजारी खुर्ची ओढून बसली होती.

"मॅडम, मला एक लॉजिक कळत नाहीये. दोन हजार एकोणीसची मशीन आपण इंडेक्सने गुणली. ओके. जमीन गुणली. गोदामातला माल पण गुणला. मग बँकेतली कॅश का नाही गुणायची? तेही लिराच आहेत ना?"

"शंभर लिरांची नोट आज किती लिरांची आहे?"

"शंभरचीच."

"म्हणून. मशीनवर किंमत छापलेली नसते. आपण ती जुन्या लिरात लिहून ठेवलेली असते, म्हणून आजच्या लिरात पुन्हा लिहायची. पैशावर त्याचा आकडा छापलेलाच असतो. उधारीचंही तसंच. कुणी तुझे शंभर देणं लागतो, तर तो शंभरच देणं लागतो. भाव दुप्पट झाले तरी." ती थोडी थांबली. "असं समज, की फूटपट्टीच दर वर्षी आखडते आहे. टेबल तेवढंच असतं, पण आकडा वाढतो. पैसा म्हणजे त्या पट्टीचाच कापलेला तुकडा. तो पट्टीबरोबर आखडतो."

"आणि ही खालची लाइन? एवढा मोठा लॉस कशाचा?"

"पैसे नुसते धरून ठेवल्याचा."

"म्हणजे काहीच न करता तोटा?"

"काही न केल्याचाच तोटा तो."

श्वेता हसून आपल्या जागी गेली. महानंदा मात्र तशीच बसून राहिली. तिने समोरच्या कोऱ्या कागदावर पेन्सिलीने लिहिलं: १९७३, एकवीस. १९९९, बावीस.

नियमाने पाहिलं तर बाबांचं बरोबर होतं. हेच तिला टोचत होतं. देणं पैशातलं असेल तर ते वाढवायचं नाही. तिने आत्ताच हे श्वेताला शिकवलं होतं. चूक दाखवायची तर एकच वाट होती. गंगव्वाने त्या दिवशी दिलं ते देणं-घेणं नव्हतंच, ती एक वस्तू होती, असं म्हणायचं. मशीनसारखी, जमिनीसारखी. बाबांनी तिला जुन्या भावाने लिहिलं आणि जुन्याच भावाने परत केलं.

एकदा हे मनाशी ठरल्यावर पुढचं काम तिला सवयीचं होतं. कामगारांच्या महागाईचा सरकारी निर्देशांक तिने शोधून काढला. मधल्या वर्षांत त्याचा पाया तीनदा बदलला होता. ते सांधे तिने जोडून घेतले. त्र्याहत्तरपासून आजपर्यंत भाव चाळीस पूर्णांक एक दशांश पट झाले होते. एकवीसचे आठशे बेचाळीस. नव्याण्णवपासून आजपर्यंत साडेचारपट; तेव्हा दिलेल्या बावीसचे आजचे नव्याण्णव रुपये. ते वजा केले. बाकी सातशे त्रेचाळीस.

नव्याण्णव साली बरोबरीचा आकडा किती झाला असता तेही तिने काढलं. एकशे सत्त्याऐंशी. बाबांनी बावीस दिले होते.

वहीत प्रत्येक फेडीवर तो एक रुपया जास्त होता, तो तिने पाहिला होता. ते व्याज असावं असं तिने धरलं. सव्वीस वर्षांचं एक रुपया व्याज, तेही पाचावर एक आणि एकविसावरही एकच. त्याला काही अर्थ नव्हता, आणि निर्देशांक लावल्यावर त्याची गरजही उरत नव्हती. तिने तो सोडून दिला.

घरी जाताना तिने पाचशेची एक, दोनशेची एक, विसाच्या दोन नोटा आणि दोन रुपयांचं व एक रुपयाचं नाणं पाकिटात घातलं. सातशे त्रेचाळीस. आईला तिने काही सांगितलं नाही. गंगव्वाने दारातून परत पाठवलं, तर ते आईला कळायला नको होतं.

*

होसकोट्याचा पत्ता कॉटनपेटेतल्या जुन्या किराणावाल्याकडून मिळाला. रविवारी सकाळी तिथली बिर्याणी खायची म्हणून नागनाथ सोबत आला, आणि गल्लीच्या तोंडाशी तिला सोडून रांगेत जाऊन उभा राहिला.

घर एकमजली, पुढे पत्र्याची पडवी. पडवीत एक म्हातारी पाटासमोर मांडी घालून बसली होती. पाटावर काळ्या लगद्याचा गोळा, बाजूला बांबूच्या काड्यांची जुडी. काडी घ्यायची, लगदा लावायचा, तळहाताने एकदा पुढे न्यायचं, एकदा मागे. उदबत्ती तयार. महानंदा फाटकाशी उभी राहिली. तो वास नाकात शिरला.

"कोण गे?" म्हातारीने वर न बघता विचारलं.

"मी महानंदा. तुंगाबाईंची."

हात थांबले. म्हातारीने मान वर करून पाहिलं, बराच वेळ पाहिलं.

"तुझी आई हाय न्हवं?"

"आहे. पुढच्या महिन्यात तिच्या हजार पौर्णिमा भरतात."

"मग बरं हाय." गंगव्वाने श्वास सोडला. "मला वाटलं, ते सांगायला आलीस. बस की. खाली नको, गुडघं मोडत्यात तुमच्या शहरातल्यांचं. शिवलीला, खुर्ची आण गे!"

शिवलीला खुर्ची घेऊन आली, ओळख पटून हसली, आणि कॉफी करायला आत गेली. महानंदा खुर्चीवर न बसता पायरीवर बसली. इकडचं तिकडचं बोलायची तिला सवय नव्हती. तिने पर्समधून पाकीट काढून पुढे केलं.

गंगव्वाने फडक्याने हात पुसले, पाकीट उघडलं, नोटा आणि नाणी पाटाच्या कडेवर मांडून मोजली.

"सातशे त्रेचाळीस. कशाचं?"

महानंदाने सांगितलं. बारशाचे एकवीस, लग्नाचे बावीस. भाव कसे चढले, तेव्हाचा रुपया आणि आजचा रुपया एक कसा नाही, वडिलांनी ते कसं ध्यानात घेतलं नाही. ती सावकाश, सोप्या शब्दांत सांगत होती. गंगव्वा मान हलवत ऐकत होती.

"म्हंजे आता हे बरोब्बर झालं म्हणतीस."

"बरोब्बर."

"जास्त न्हाई, कमी न्हाई."

"नाही. मी तीनदा तपासलं."

"मग वरचा रुपया कुठाय?"

महानंदाला कळेना. "तो... तो मला वाटलं, व्याजाचा असतो."

"शिवलीला, ऐकलंस काय गे?" गंगव्वा आत तोंड करून ओरडली. "म्हणे एका रुपायाचं व्याज!" ती हसली, आणि हसता हसताच थांबली. "बरोब्बर कुणाला देत्यात, सांग बघू. दुकानदाराला. रिक्षावाल्याला. ज्याच्या दारात पुन्हा जायचं न्हाई त्याला बरोब्बर द्यायचं. माणसाला वर एक रुपाया घालून द्यायचं, म्हंजे त्याच्याकडं तुझं काहीतरी ऱ्हातंय. मग तो ते फेडायला येतो आणि वर आपला रुपाया ठिवून जातो. अशानं येणं-जाणं चालतंय." तिने पाटावरच्या नोटांकडे पाहिलं. "तुझ्या आईनं सांगितलं काय, बरोब्बर करून ये म्हणून?"

"नाही!" महानंदा एवढ्या मोठ्याने म्हणाली की शिवलीला दारात आली. "आईला माहीतच नाही. ती म्हणते, तू आली नाहीस तर ती ओवाळून घेणार नाही. हे पैसे मी आणले. माझा मीच हिशेब केला. मला वाटलं, तुला त्या बावीस रुपयांचा राग आला म्हणून तू यायची बंद झालीस."

"बावीस रुपायांचा?" गंगव्वाने कपाळाला हात लावला, तिथे काळा डाग उमटला. "अगं, तुझ्या बापाला मी वळखत न्हवते काय? नळाच्या पाण्याच्या बादल्या मोजणारा माणूस तो. पाकिटात बावीस निघालं तवा मी म्हटलं, हं, वरचा रुपाया घातलाय, म्हंजे आठवण ठिवून घातलाय. माईकवाल्यानं दोनदा वाचलं तर मीच त्याला शिवी दिली."

"मग?"

गंगव्वाने एक काडी उचलली, तशीच परत ठेवली.

"तुझी आई जेवली न्हाई."

गंगव्वाने लगदा पाटाच्या कडेला सारला.

"होळगी केली होती, पुरणाची. तिला दूध घालून लागती म्हणून दूध येगळं काढून ठिवलं होतं. तिचं पान वाढलं आणि बघती तर ती न्हाई. म्हटलं, लाज वाटली असंल, भाईर उभी असंल, येईल. पाच वाजले. छत्राची भांडी घासाय घेतली, तरी ते पान मी उचलू दिलं न्हाई. लग्नाच्या घरातनं न जेवता उठून गेली गे ती. मी काय केलं होतं?"

"तिला वाटलं, तुझी मान खाली गेली तिच्यामुळे."

"तिनं मला येऊन सांगायचं न्हाई काय ते?"

"आणि तू?"

"मी कशाला जाऊ? पान माझं पडून ऱ्हायलं होतं," गंगव्वा म्हणाली. पण तिचा आवाज उतरला होता.

कॉफी आली. महानंदाने पेला दोन्ही हातांत धरला. तिच्या डोळ्यांपुढे कामावरची ती खालची ओळ आली. नुसतं धरून ठेवल्याचा तोटा. सव्वीस वर्षं.

"गंगव्वा, एक विचारू? बारशाला बाकी सगळ्यांनी दोन आणि पाच दिले. तू एकवीस कसे दिलेस?"

"कसे म्हंजे? एकवीस हजार काड्या. तवा हजाराला रुपाया मिळायचा. घरचं सगळं करून रोज दोन हजार व्हायच्या. दहा-अकरा दिवस लागले." तिने महानंदाकडे पाहिलं. "तुला आईनं काय सांगितलं न्हाई वाटतं. माझ्या लग्नाला आठ वर्षं झाली होती आणि पोर न्हवतं. शिवलीला पुढं चार वर्षांनी झाली. बारशाला मला कोण बोलवतंय? बोलवलं तर लांब बसवत्यात. मी चौकाच्या पलीकडं नळाजवळ बसले होते. तुझी आई सगळ्यांच्या मधनं चालत आली आणि तुला माझ्या मांडीवर ठिवलं. म्हणाली, हिच्या कानात नाव तू सांग. तो मान आत्याचा. तुझी आत्या रुसून बसली, तरी ऐकलं न्हाई तिनं."

महानंदाने कॉफीचा पेला खाली ठेवला.

"तुझ्या कानात महानंदा मी म्हटलं. पहिल्यांदा. एकवीस काय, बेचाळीस घातले असते. तेवढ्याच काड्या झाल्या."

फाटकापाशी एक बाई आली, रिकामी टोपली ठेवून तयार जुड्या भरून घेऊ लागली. गंगव्वाने मोजून दिल्या. महानंदाने सहज विचारावं तसं विचारलं, "आता हजाराला काय मिळतं?"

"मशिनी आल्यापासनं हातच्या कोण घेतंय? ही घेती. चाळीस देती."

चाळीस. महानंदाने मनातल्या मनात गुणाकार केला. मग पुन्हा केला, कारण एवढं जुळलेलं उत्तर तिला नेहमी संशयास्पद वाटे. भाव चाळीसपट, मजुरीही चाळीसपट. त्र्याहत्तर साली हजार काड्यांत जेवढं धान्य येत होतं तेवढंच आजही येत होतं, एक मूठ जास्त नाही. बावन्न वर्षं हा हात पाटावर पुढे-मागे होत होता. त्या तळहाताकडे तिला बघवेना.

गंगव्वा नोटा गोळा करत होती. पाचशेची, दोनशेची, विसाच्या दोन, एक रुपया. ते सगळं तिने कमरेच्या पिशवीत घातलं. दोन रुपयांचं नाणं तेवढं पाटावर राहिलं. ते उचलून तिने महानंदाच्या हातात ठेवलं आणि तिची मूठ मिटली.

"हे ऱ्हाऊ दे तुमच्याकडं."

"का?"

"दोन रुपाये येणं हाय माझं, म्हणून सांग तुझ्या आईला. येऊन घेती." ती पुन्हा काड्यांकडे वळली. "आणि सांग, पान वाढून ठिव म्हणावं. मी जेवल्याबगार उठायची न्हाई."

गल्लीच्या तोंडाशी नागनाथ बिर्याणीचं पार्सल घेऊन उभा होता. बायकोच्या हाताला काळं काय लागलंय म्हणून त्याने विचारलं. तिने हात पुसला नाही.

*

सात डिसेंबरला शिवलीला आईला रिक्षातून घेऊन आली. हॉलमध्ये एक्क्याऐंशी निरांजनं मांडली होती. तुंगाबाई पाटावर बसल्या होत्या, नव्या इरकली लुगड्यात, दर दोन मिनिटांनी दाराकडे बघत. भटजींनी दोनदा सुचवलं होतं की मुहूर्त टळतो आहे. तुंगाबाईंनी दोन्ही वेळा कमी ऐकू येत असल्यासारखं केलं होतं.

गंगव्वा काठी टेकत सरळ त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली.

"केस सगळे गेले की गे तुझे," ती म्हणाली.

"तुझे कुठे आहेत?" तुंगाबाई म्हणाल्या.

गंगव्वाने काठी शिवलीलाकडे दिली आणि तबक हातात घेतलं. तबक जड होतं. महानंदाने खालून हात लावला.

जेवायला दोघी शेजारी बसल्या. होळगीवर दूध वाढायला महानंदा वाकली तेव्हा गंगव्वाने तिला थांबवलं आणि दुधाची वाटी स्वतः घेऊन तुंगाबाईंच्या पानात ओतली. दोघींचंही खाणं आता चिमणीएवढं, पण पानात काही टाकलं नाही. उठायला तास लागला.

निघताना तुंगाबाई म्हणाल्या, "महानंदा, तिचे ते दोन रुपये दे."

"आज नको," गंगव्वा म्हणाली. "आज आणि किती गोळा करू? संक्रांतीला येती." आणि रिक्षात बसली.

संध्याकाळी पाहुणे पांगल्यावर तुंगाबाईंनी लाल वही मागवली. श्रीधरराव गेल्यापासून, चौदा वर्षांत, तिच्यात कुणी काही लिहिलं नव्हतं. तुंगाबाईंनी त्या जुन्या पानाशी वही उघडून दिली.

"लिही. गंगव्वाचं देणं, दोन रुपये."

महानंदाने पेन उघडलं. तांबड्या रेघेच्या खाली थोडी जागा होती. सवयीप्रमाणे ती डावीकडच्या रकान्यापासून सुरू करू लागली: दि. ७-१२-

"तारीख नको घालू," तुंगाबाई म्हणाल्या.

"तारखेशिवाय नोंद कशी होईल आई? कधीचे दोन रुपये ते कळायला नको?"

"तारीख घातलीस की तू पुन्हा गुणाकार करशील."

महानंदा हसली नाही. तिने लिहिलेले दोन आकडे खोडले. बाबांच्या वहीतली ती पहिली खाडाखोड. मग रकाना मोकळा ठेवून तिने पुढे लिहिलं: गंगव्वा, होसकोटे. देणे, दोन रुपये. शाई वाळेपर्यंत तिने वही उघडीच ठेवली आणि ते नाणं पानावर ठेवलं.